इलेक्ट्रिक गाड्या वाढतायत, मग लिथियममध्ये पैसे घालावेत का?

अबोली_मुलुंड · ८ सप्टेंबर २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. शनिवारी बाप्पा गेले, घर ओकंबोकं झालंय. सणाच्या गडबडीत मागे पडलेला प्रश्न आज विचारते.

आईची एक एफडी ऑगस्टमध्ये सुटली. चार लाख. "मला काय कळतंय, तूच बघ" म्हणून तिने सगळं माझ्यावर सोपवलं. तीन लाख मी पुन्हा एफडीतच ठेवले. उरलेल्या एक लाखावरून घरात रोज बोलणं चाललंय, कारण धाकटा भाऊ म्हणतो ते लिथियममध्ये घाल.

त्याचं म्हणणं सरळ आहे. आमच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी विजेची एकही गाडी नव्हती. आज पार्किंगमध्ये चार्जरचे नऊ पॉइंट आहेत आणि दहाव्यावरून एजीएममध्ये वाद झाला. बेस्टच्या विजेच्या डबलडेकर धावतायत. गेल्या महिन्यात अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला. तो म्हणतो, "गाड्या वाढणार, म्हणजे बॅटऱ्या वाढणार. बॅटरीत लिथियम असतं. मग लिथियमचा भाव चढणारच, आणि आत्ता तो पडलेला आहे."

मी फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. ताळेबंद मला वाचता येतो, धातूंचं मात्र काही कळत नाही. त्याचं बोलणं खोडूनही काढता येत नाही आणि पटतही नाही. यात काही चुकतंय का? आणि घ्यायचंच म्हटलं तर मुंबईत बसून लिथियम घेतात तरी कसं?

---

तांबडं_फुटलं · ८ सप्टेंबर, रात्री ११:०५

ताई, भावाचं ऐका. २०२२ मध्ये जगभरात विजेच्या साधारण १ कोटी गाड्या विकल्या गेल्या, प्लग-इन हायब्रिड धरून. २०२४ मध्ये १ कोटी ७० लाखांच्या वर. आणि याच काळात लिथियमचा भाव शिखरावरून नव्वद टक्के उतरला. मागणी वाढतेय आणि माल स्वस्त, अशी संधी रोज येत नाही. पाच वर्षांनी सगळे म्हणतील तेव्हा घ्यायला हवं होतं.

---

खडीसाखर · ९ सप्टेंबर, सकाळी ७:२०

वरचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते एकापुढे एक ठेवून पुन्हा वाचा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. मागणी दोन वर्षांत पाऊणपट वाढली आणि त्याच दोन वर्षांत भाव नव्वद टक्के पडला. "मागणी वाढली की भाव चढणारच" हे खरं असतं तर हे घडलंच नसतं.

माझी गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२२. चीनमध्ये लिथियम कार्बोनेट (बाजारात लिथियम याच रूपात विकलं जातं) टनाला ६ लाख युआनच्या आसपास पोचलं होतं. जो तो लिथियमला "पांढरं सोनं" म्हणत होता. मी ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये दाराशी उभा राहून मोबाइलवर एका परदेशी लिथियम कंपनीचे शेअर घेतले. बायकोला न विचारता २ लाख ४० हजार घातले. पुढच्या वर्षभरात भाव घसरत १ लाख युआनवर आला, आणि या जूनमध्ये तो ६० हजारांच्या आसपास होता. माझे शेअर मी या फेब्रुवारीत विकले. हातात ६८ हजार आले.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? गाड्यांबद्दलचा माझा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता. मी ज्या विषयाचा अभ्यास केला त्यात मी बरोबर होतो. पण भाव ठरत होता दुसरीकडे, ऑस्ट्रेलियातल्या खाणींवर आणि चीनच्या जिआंग्शी प्रांतातल्या डोंगरांवर, आणि तिकडे मी बघितलंच नव्हतं. तुमचा भाऊ पार्किंगमधले चार्जर मोजतोय. मीही तेच करत होतो.

---

वाशी_गाळा · ९ सप्टेंबर, दुपारी २:१५

लिथियम मला माहीत नाही, पण ताईंचा प्रश्न मी बावीस वर्षं रोज बघतोय. मी वाशीला कांदा-बटाटा मार्केटात आहे.

कांदा खाणारी माणसं दरवर्षी वाढतात, कमी होत नाहीत. म्हणून काय कांदा दरवर्षी चढतो का? एका साली भाव कडाडला की नाशिक-नगरचा शेतकरी पुढच्या हंगामात शेजारच्या रानात पण कांदाच लावतो. ज्याने कधी लावला नव्हता तो पण लावतो. मग सगळ्यांचा माल एकदम येतो आणि गोणीला गाडीभाडंसुद्धा सुटत नाही. त्या साली लोक रानातच नांगर फिरवतात, पुढच्या साली लागवड घटते आणि भाव परत वर. खाणाऱ्याचं पोट या सगळ्यात तेवढंच असतं. भाव हलतो तो लावणाऱ्यामुळे.

दुसरी गोष्ट सरकार. ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरला निर्यातच बंद. ज्यांनी चाळी भरून ठेवल्या होत्या त्यांचा हिशेब एका रात्रीत उलटा झाला. लिथियम ज्या देशांतून येतं तिथलं सरकार असं काही करतं का, हे पहिलं विचारा.

एक फरक मात्र लक्षात घ्या. कांदा चार-पाच महिन्यात निघतो, म्हणून आमचा फेरा सालभरात फिरतो. खाणीला किती वर्षं लागतात ते इथल्या जाणकारांनी सांगावं. जेवढी जास्त वर्षं, तेवढा चढ मोठा आणि पडझड पण तेवढीच मोठी, असा माझा अंदाज.

---

पाषाण · ९ सप्टेंबर, रात्री ९:३०

वाशी_गाळा यांनी मर्मावरच बोट ठेवलं आहे. मी भूविज्ञान शिकवायचो, आता निवृत्त. माहीत आहे ते थोडं सविस्तर लिहितो.

लिथियम दुर्मीळ नाही, हे आधी मनात पक्कं करावं. ते पृथ्वीवर पुष्कळ ठिकाणी आहे, पण पातळ पसरलेलं आहे. ते काढण्याच्या दोन मोठ्या रीती आहेत. एक कठीण खडकातून. पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीनबुशेस नावाची खाण आहे, तिथे स्पॉड्युमिन हे खनिज फोडून, दळून, गाळून त्याचा सांद्र माल करतात, आणि तो बहुतांशी चीनला शुद्धीकरणाला जातो. दुसरी रीत खाऱ्या पाण्याची. चिलीच्या अटाकामा वाळवंटात जमिनीखालचं खारट पाणी उपसून अफाट उथळ तळ्यांमध्ये सोडतात आणि ऊन-वाऱ्यावर आटू देतात. आपल्याकडे उरणला किंवा वसईला मिठागरं बघितली असतील, तत्त्व तेच. पण मीठ काही आठवड्यांत मिळतं. तिथे लिथियम हवं तेवढं दाट व्हायला वर्ष ते दीड वर्ष जातं. आज चाकं फिरवली म्हणून माल आज वाढत नाही. आणि नवी खाण शोधण्यापासून पहिला माल बाहेर पडेपर्यंत दहा-दहा वर्षं सहज जातात.

म्हणून असं होतं, की टंचाई आली की भाव वेडावाकडा चढतो, कारण माल लगेच वाढवता येत नाही. त्या भावाला भुलून पाच ठिकाणी खाणी सुरू होतात. त्या सगळ्या तयार होईपर्यंत टंचाई संपलेली असते. २०२२ नंतर ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, झिम्बाब्वे, शिवाय चीनच्या जिआंग्शीतलं यीचुन, सगळीकडून माल आला. मग जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिनिस खाणीत खोदकाम थांबवावं लागलं, इतरांनीही काही प्रकल्प आवरते घेतले.

सरकारांबद्दल विचारलंत. एप्रिल २०२३ मध्ये चिलीच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की यापुढे लिथियममध्ये सरकारचा वाटा मुख्य राहील. तिथल्या एसक्यूएम या बलाढ्य कंपनीचा शेअर एका दिवसात पंधरा टक्क्यांहून जास्त कोसळला. मेक्सिकोने २०२२ मध्ये लिथियमचं राष्ट्रीयीकरण केलं. झिम्बाब्वेने त्याच वर्षी कच्च्या मालाची निर्यात बंद केली. कांद्याची उपमा इथेही लागू पडते.

आणि आपलं रियासी. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा साठा जाहीर झाला तेव्हा मला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे आनंदाने फोन आले. मलाही आनंद झाला, पण त्यांना मी एकच सांगत होतो: तो आकडा "जी-३" पायरीचा आहे. शोधाच्या चार पायऱ्या असतात, जी-४ पासून जी-१ पर्यंत, आणि खात्री येते ती शेवटी. नोव्हेंबर २०२३ मध्ये लिलाव पुकारला, पण तीन बोलीदारसुद्धा पुढे आले नाहीत, म्हणून मार्च २०२४ मध्ये तो रद्द झाला. तिथलं लिथियम बॉक्साइट आणि मातीच्या थरात आहे, आणि अशा मातीतून ते किफायतशीर काढणं अवघड आहे. छत्तीसगडमध्ये कोरबा जिल्ह्यातल्या कटघोऱ्याचा पट्टा मात्र जून २०२४ मध्ये लिलावात गेला. अर्जेंटिनाच्या कॅटामार्कात आपल्या सरकारी "काबिल" कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पाच पट्टे घेतले, सुमारे १५,७०० हेक्टर. ही सगळी देशासाठी चांगली पावलं आहेत आणि ती यशस्वी व्हावीत असं मनापासून वाटतं. मात्र सामान्य माणसाला यातला एकही शेअर आज विकत घेता येत नाही. "भारतात लिथियम सापडलं" असं सांगून कोणी शेअर खपवायला आलं तर दार लावून घ्या.

---

अबोली_मुलुंड · ९ सप्टेंबर, रात्री १०:१०

पाषाण सर, दोनदा वाचलं. भावालाही पाठवलं. आता एक बाळबोध प्रश्न. एका गाडीत लिथियम असतं तरी किती?

---

सेलवाला · ९ सप्टेंबर, रात्री ११:४०

हे मी सांगतो, रोज हातात असतं. माझं लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्लीत बॅटरी पॅक दुरुस्तीचं टेबल आहे.

जुलैपासून माझ्याकडे पावसाने मेलेले पॅक येतायत. कालचाच सांगतो. पोरगा सामान पोचवायचं काम करतो, हिंदमाताच्या पाण्यातून स्कूटर काढली. पॅकचं झाकण उघडलं तर आत कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर, बीएमएसच्या, म्हणजे सगळ्या सेलवर नजर ठेवणाऱ्या बोर्डाचा एक कोपरा काळा. खाली सेलच्या रांगा, एकमेकांना निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्डिंग केलेल्या. १४ सिरीज, २४ पॅरलल, म्हणजे २४-२४ सेलचे १४ गट, एकूण ३३६ सेल. मल्टीमीटर लावत गेलो: ३.६, ३.६, ३.६, आणि नवव्या गटाला १.७. तो गट गेला, म्हणून बीएमएसने सगळा पॅकच तोडून टाकला होता. ३१२ सेल धडधाकट, तरी गाडी उभी.

या एका सेलला आम्ही १८६५० म्हणतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आपल्या पेन्सिल सेलपेक्षा थोडा मोठा. वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. त्यात लिथियम किती? अंदाजे पाऊण ग्रॅम. बाकी निकेल, तांब्याची आणि अॅल्युमिनियमची पातळ फॉइल, ग्रॅफाइट, पोलादी डबी. ३३६ सेलचं मिळून पाव किलो लिथियम. ३ किलोवॉट-तासाची स्कूटर आणि लिथियम पाव किलो.

बाजारात ते धातू म्हणून नाही, कार्बोनेट म्हणून विकलं जातं. १ किलो लिथियमला ५.३ किलो कार्बोनेट धरतात. वाया जाणं-येणं धरून ढोबळ हिशेब दर किलोवॉट-तासाला ०.६ किलो कार्बोनेट. आता छोटी कार घ्या, ३० किलोवॉट-तासाची. १८ किलो लागलं. २०२२ च्या शिखराला किलोचा भाव आपल्या पैशात ६,८०० रुपयांच्या घरात, म्हणजे कारमागे सव्वा लाखाचं कार्बोनेट. या जूनच्या भावाने किलोला ७२० रुपये, म्हणजे १३ हजार.

ताई, हा सव्वा लाख ते १३ हजार हा फरक बघा. कार स्वस्त झाली त्यात याचा मोठा हात आहे. गाडी स्वस्त झाली म्हणून लोकांनी घेतली. तुमचा भाऊ म्हणतो गाड्या वाढल्या की लिथियम महाग होईल. मला उलटं दिसतं, लिथियम उतरलं म्हणून गाड्या एवढ्या वाढल्या.

---

तांबडं_फुटलं · १० सप्टेंबर, सकाळी ८:०५

हा हिशेब मी असा कधी मांडला नव्हता. थँक्यू दादा.

तरी माझा मुद्दा मी सोडत नाही. वाशीवाल्या काकांच्याच भाषेत, आत्ता रानात नांगर फिरवायचं साल चालू आहे. खाणी बंद पडतायत. नवी गुंतवणूक थांबलीय. आणि मागणी आता फक्त गाड्यांची नाही. सोलरची वीज साठवायला कंटेनरएवढ्या बॅटऱ्या लागतायत, त्यांची मागणी गाड्यांपेक्षा वेगाने वाढतेय. ऑगस्टमध्ये सीएटीएल या बलाढ्य चिनी बॅटरी कंपनीच्या यीचुनमधल्या खाणीचा परवाना संपला, काम थांबलं, आणि दोन दिवसांत वायदा ८० हजार युआनच्या वर गेला. मोठ्या कंपन्याही आत्ता घेतायत. रिओ टिंटो या खाणवाल्या कंपनीने याच वर्षी मार्चमध्ये आर्केडियम ही लिथियम कंपनी ६७० कोटी डॉलरला घेतली. त्यांना काय दिसतंय ते आपल्याला का दिसू नये?

---

खडीसाखर · १० सप्टेंबर, सकाळी ९:३०

रिओ टिंटोला दिसतंय ते खरंही असेल. पण ती कंपनी दहा वर्षं थांबू शकते, मधे भाव आणखी निम्मा झाला तरी तिच्या घरची चूल विझत नाही. शिवाय लिथियम भाव खाऊ लागलं की पर्याय डोकं वर काढतात. २०२२ च्या भाववाढीनेच लिथियमऐवजी सोडियम वापरणाऱ्या सोडियम-आयन बॅटरीला बळ दिलं. सीएटीएलने या एप्रिलमध्ये सोडियमची बॅटरी बाजारात आणत असल्याचं जाहीर केलं. रिलायन्सनेही डिसेंबर २०२१ मध्ये सोडियम-आयन बॅटरी करणाऱ्या ब्रिटनच्या फॅराडियनसाठी १० कोटी पौंडांचा सौदा केलाय. लिथियमला वर एक छत आहे, असं आता मला वाटतं.

आणि आजची बातमी बघितलीत का? तीच यीचुनची खाण लवकर सुरू करायची तयारी चाललीय. कालपासून जगभर लिथियमचे शेअर आपटलेत. महिन्याभरात एकाच खाणीच्या परवान्यावर वर आणि खाली. तुम्ही तरुण आहात, स्वतःच्या पगारातून थोडं घातलंत तर मी अडवणार नाही. ताई आईचे पैसे घालतायत.

---

हिशेबनीस · १० सप्टेंबर, दुपारी १:५०

"कसं घेतात" हा प्रश्न राहिला आहे. सीए आहे, म्हणून तेवढंच लिहितो.

आपल्या शेअर बाजारात फक्त लिथियम काढणारी एकही कंपनी नाही. एमसीएक्स या आपल्या वायदे बाजारात तांबं, जस्त, निकेल आहे, लिथियम नाही. वायदा चालतो तो चीनमधल्या ग्वांगझोऊला, जुलै २०२३ पासून. मग लोक इथल्या बॅटरीवाल्या कंपन्या घेतात, एक्साइड किंवा अमरा राजा, किंवा विजेच्या गाड्यांच्या निफ्टी निर्देशांकावरचे ईटीएफ, म्हणजे बाजारात शेअरसारखे घेता येणारे फंड. त्यांत काही वाईट नाही. मात्र नीट समजून घ्या, या कंपन्या लिथियम विकत घेणाऱ्या आहेत. लिथियम महागलं तर तो त्यांचा खर्च आहे. तुमच्या भावाला जे हवंय त्याच्या बरोबर उलट बाजूला त्या उभ्या आहेत.

दुसरा मार्ग परदेशी शेअर किंवा ईटीएफ. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, नाही, ही मर्यादा यंदा एप्रिलपासून ७ लाखांवरून वाढली. म्हणजे एक लाखाला तो प्रश्न नाही. बँकेचं शुल्क आणि डॉलरच्या भावातला फरक मात्र छोट्या रकमेला बोचतो. अमेरिकेत २०१० पासून चालणारा ग्लोबल एक्सचा लिथियम ईटीएफ आहे, खर्च वर्षाला पाऊण टक्का. त्यातही खाणींसोबत बॅटरी आणि गाड्या बनवणारे आहेतच. २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी तुमच्या स्लॅबने. लाभांशातून अमेरिका २५ टक्के आधीच कापते. ते इथे वळते करून घ्यायला वेगळा फॉर्म भरावा लागतो.

आता तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचं. गुंतवणूक आईच्या नावावर केलीत, तर त्यांचं उत्पन्न करपात्र असो वा नसो, परदेशी मालमत्ता आहे म्हणून त्यांना दरवर्षी रिटर्न भरावंच लागेल, शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यासकट. तो तक्ता आर्थिक वर्षाचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा असतो. राहून गेलं तर आयकर खात्याची नोटीस येऊ शकते. एक लाखासाठी सत्तरीच्या बाईला त्या चक्रात घालू नका, ही माझी कळकळीची विनंती.

---

अबोली_मुलुंड · १० सप्टेंबर, रात्री ९:१५

आई रिटर्न भरतच नाही. बँकेने कर कापू नये म्हणून पंधरा-एच देते तेवढंच. हे मला माहीतच नव्हतं. खरंच आभार.

आज भावाशी शांतपणे बोलले. त्याला विचारलं, तू नक्की कुठून घेणार होतास? तो म्हणाला, व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. तिथले "सर" रोज सकाळी लिथियमच्या टिपा देतात, त्यांचं स्वतःचं अॅप आहे, पैसे यूपीआयने भरायचे आणि अॅपमध्ये युनिट दिसतात. गेल्या आठवड्यात त्याने स्वतःचे २५ हजार भरलेत. अॅपमध्ये ते ३१ हजार दिसतायत.

माझ्या पोटात गोळा आलाय. हे बरोबर आहे का?

---

हिशेबनीस · १० सप्टेंबर, रात्री ९:२२

नाही. ही फसवणूक आहे. परदेशी शेअर यूपीआयने कुणाच्या खात्यात भरून मिळत नाहीत. पैसे बँकेतून एलआरएसच्या फॉर्मने जातात, पॅन लागतो, केवायसी लागते. आत्ता लगेच १९३० ला फोन करा. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचे व्यवहार क्रमांक, ग्रुपचे आणि अॅपचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, ग्रुप नंतर सोडा. बँकेलाही कळवा. उद्यावर टाकू नका.

---

वाशी_गाळा · १० सप्टेंबर, रात्री ९:३०

आणि "पैसे काढायचे असतील तर आधी टॅक्स भरा" असं ते म्हणतील. अजून एक रुपया देऊ नका. माझ्या मेव्हण्याचे आधी दोन लाख गेले होते, असं भरत भरत साडेतीन गेले. पोराला रागावू नका ताई, तो आईच्या भल्याचंच बघत होता.

---

तांबडं_फुटलं · १० सप्टेंबर, रात्री ९:४१

ताई, भावाचं ऐका असं मी लिहिलं होतं. ते मागे घेतो. तुम्ही त्याला कुठून घेणार हे विचारलंत, मी विचारलंच नाही. मदत लागली तर सांगा, पोर्टलवरचा फॉर्म भरायला मी फोनवर बसतो.

---

अबोली_मुलुंड · ११ सप्टेंबर, रात्री १०:५०

काल रात्री १९३० ला चौथ्या खेपेला फोन लागला. तक्रार क्रमांक मिळाला. आज बँकेत जाऊन लेखी दिलं. त्याने अॅपमधून पैसे काढायला बघितले, तर वाशीच्या दादांनी सांगितलं तसंच झालं, आधी ७ हजार "टॅक्स" मागितला. दिला नाही. पैसे परत येतात का ते कळेल तेव्हा कळवते.

तो खूप खचलाय. दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी आई त्याच्या शेजारी जाऊन बसली. काही बोलली नाही, ताटात पिठलं-भाकरी वाढून ठेवलं. खाल्लं त्याने.

आईचा एक लाख सकाळीच एफडीत टाकला, एका वर्षाचा. मी माझ्या पगारातून महिन्याला दोन हजार इंडेक्स फंडात घालते, ते तसंच चालू राहील. लिथियम नाही. पाषाण सर, तुमचं लिहिलेलं मात्र भावाने आज तिसऱ्यांदा वाचलं. मला विचारत होता, स्पॉड्युमिन दिसतं कसं?

---

पाषाण · ११ सप्टेंबर, रात्री ११:१०

फिकट हिरवट, कधी करडं, कधी गुलाबी, लांबट स्फटिक असतात आणि त्यांच्या अंगावर उभ्या रेघा असतात. माझ्याकडे एक तुकडा आहे. त्याला म्हणावं दिवाळीच्या सुट्टीत ये, हातात घेऊन बघ.

---

अबोली_मुलुंड · ११ सप्टेंबर, रात्री ११:२५

नक्की पाठवते सर.

सेलवाला दादा, तुम्हालाही एक विचारायचंय. भावाची स्कूटर ऑगस्टच्या पावसात पाण्यात गेली होती. तेव्हापासून सत्तर टक्के चार्ज दाखवते आणि मुलुंड चेकनाक्याच्या चढावर एकदम बंद पडते. तुमच्याकडे आणू का?

---

सेलवाला · १२ सप्टेंबर, सकाळी १०:३०

आणा. पण तोपर्यंत चार्जिंगला लावू नका, रात्री घरात तर अजिबात नको. पॅक काढून गॅलरीत, सावलीत, जमिनीवर ठेवा, कापडाने झाकू नका. स्वतः झाकण उघडू नका. येताना लोकलमध्ये आणू नका, टेम्पोने आणा. एखादा गट बसलेला असेल, तेवढाच बदलू. सोमवारी अकरानंतर मी टेबलावर आहे. भावालाही बरोबर आणा, समोर उघडून दाखवतो.